नाताळच्या झाडावर जळमटं!

नाताळच्या झाडावर काय काय टांगतात, सांगा बरं. चांदणी? बरोबर. घंटा, रंगीत गोळे, कापसाचा बर्फ, पंखवाले देवदूत… आणि कोळी?

हो हो, कोळीच! आठ पायांचा, जाळ्यासकट. युक्रेन देशात नाताळच्या झाडावर कोळ्याची जाळी मुद्दाम लावतात. खरी नव्हे हं. बारीक तारेची, मण्यांची, कागदाची, चंदेरी-सोनेरी जाळी, आणि तिच्यावर मण्याच्या पोटाचा एक इवलासा कोळी. असा कोळी झाडावर दिसणं तिकडे शुभ मानतात.

तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी आत्ता नाक मुरडलं असेल. साहजिक आहे. आपल्याकडे सण जवळ आला की पहिला हल्ला होतो तो जळमटांवर. दसरा-दिवाळीच्या आधी लांब काठीला कुंचा बांधतात आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला स्टुलावर चढवतात. मग युक्रेनच्या लोकांनी जळमटं काढायची सोडून थेट सणाच्या झाडावर का नेऊन बसवली?

त्यामागे एक लोककथा आहे. एक गरीब विधवा होती. पदरात लहान मुलं, आणि राहायला मातीच्या जमिनीची झोपडी. एका उन्हाळ्यात पाइनच्या झाडाचं एक बोंड घरंगळत झोपडीत आलं. त्यातलं बी तिथेच रुजलं आणि त्याला कोंब फुटला. मुलांनी त्या रोपाला जिवापाड जपलं. नाताळपर्यंत त्याचं छानसं झाड झालं. (शाळेतल्या विज्ञानाच्या बाई इथे चष्म्याच्या वरून बघतील, कारण पाइनचं रोप पहिल्या वर्षात जेमतेम बोटभर वाढतं. पण गोष्टीत एवढं चालतं, बाई!) झाड तर झालं, पण ते सजवायला घरात दमडी नाही. मुलं हिरमुसून झोपी गेली. झोपडीतल्या कोळ्यांनी हे सगळं ऐकलं होतं. रात्रभर ते या फांदीवरून त्या फांदीवर धागे विणत राहिले. सकाळी मुलं उठली, खिडकीतून उन्हाची पहिली तिरीप झाडावर पडली आणि सगळे धागे सोन्या-चांदीचे होऊन गेले.

जर्मनीत हीच गोष्ट जरा वेगळी सांगतात. तिथली आई नाताळच्या आदल्या दिवशी घर झाडून काढते. बिचारे कोळी जीव मुठीत धरून माळ्यावर पळतात. रात्री सामसूम झाल्यावर, झाड बघायचंच म्हणून हळूच खाली उतरतात आणि आनंदाच्या भरात शेंड्यापर्यंत चढतात. चढले म्हणजे मागे धागा आलाच. बघता बघता सगळं झाड जाळ्यांनी करडं होऊन जातं. मग बाळ येशू येतो. कोळ्यांचा आनंद बघून त्याला बरं वाटतं, पण सकाळी आईला काय वाटेल हेही त्याला कळतं. तो जाळ्यांना नुसता हात लावतो आणि जाळी चांदीची होतात. मला विचाराल तर ही गोष्ट जास्त आवडते. हिच्यात कोळ्यांचीही बाजू घेतली आहे आणि दिवसभर राबलेल्या आईचीही.

आता एक गंमत बघा. बायबलमध्ये येशूच्या जन्माची हकीकत मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत आहे. तिथे मेंढपाळ आहेत, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत, तारा आहे. कोळी मात्र नाही! बायबलमध्ये कोळ्याचं जाळं येतं ते वेगळ्याच ठिकाणी. ईयोबाच्या पुस्तकात देवाला विसरलेल्या माणसाचा भरवसा कसा असतो, तर कोळ्याच्या जाळ्यासारखा, असं म्हटलंय. म्हणजे टेकायला गेलात की पडलात! तिथे कोळ्याच्या वाट्याला कौतुक नाहीच.

तरी ख्रिस्ती माणसांनी हा कोळी नाताळात आणलाच, आणि त्यात त्यांना आपल्या धर्माचीच गोष्ट दिसली. लूक सांगतो की येशू जन्मला तेव्हा त्याच्या आईवडिलांना उतारशाळेत जागा मिळाली नाही आणि बाळाला गुरांच्या गव्हाणीत ठेवावं लागलं. गव्हाण आली म्हणजे गुरं आली, गवत आलं, कोपऱ्यातली जळमटंही आलीच की! राजवाड्यात ज्याला कुंच्यानं हाकलतील, तो कोळी तिथे आधीपासून हजर असणार. आणखी एक धागा आहे. येशूनं एकदा मंदिरातल्या दानपेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या गरीब विधवेचं कौतुक केलं होतं. श्रीमंतांनी खूप टाकलं, पण हिनं होतं नव्हतं ते सगळं टाकलं, म्हणून. लोककथेतल्या कोळ्याचंही तेच आहे. त्याच्याजवळ देण्याजोगं धाग्याशिवाय दुसरं काय होतं?

दुसरी एक जुनी दंतकथा तर याहून थरारक आहे. मत्तय सांगतो की हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला, म्हणून योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन रातोरात इजिप्तकडे निघाले. पुढचं लोकांनी जोडलं. वाटेत ते एका गुहेत लपले, कोळ्यानं गुहेच्या तोंडावर जाळं विणलं, आणि शिपाई ते अखंड जाळं बघून म्हणाले, 'इथे कोणी गेलेलं नाही, चला पुढे.' अशीच गोष्ट मुसलमान लोक मक्केजवळच्या सौर गुहेची आणि मुहंमद पैगंबरांची सांगतात. ज्यू लोक दावीद राजाची सांगतात. एवढ्या थोर माणसांचा जीव वाचवायला नेमला कोण, तर कोळी! आणि शास्त्राच्या कसोटीवर ही गोष्ट अगदीच हवेतली नाही. बागेतला गोल जाळं विणणारा कोळी अख्खं जाळं तासाभरात पुरं करतो. तेही अंधारात, पायांनी चाचपत, डोळ्यांची फारशी मदत न घेता.

बरं, आता भिंग हातात घेऊ या. कोळ्याचा धागा सोन्या-चांदीचा 'होतो' म्हणजे काय होतं?

हा धागा असतो बिनरंगी आणि जवळजवळ पारदर्शक. जाडी इतकी कमी की माणसाच्या एका केसाच्या रुंदीत असे २०-२५ धागे शेजारी शेजारी मावतील. म्हणून समोरून, भरपूर उजेडात बघितलं तर तो दिसतच नाही. आपण थेट जाळ्यात तोंड घालतो आणि मग गाल पुसत बसतो, ते याचमुळे. पण उजेड धाग्याच्या मागून, तिरपा येत असेल आणि पलीकडे काळोख असेल तर कथा बदलते. प्रकाश त्या बारीक धाग्यावर आपटून वाकतो, विखुरतो आणि बराचसा आपल्या डोळ्यांकडे येतो. आत्तापर्यंत नसलेला धागा एकदम लखलखायला लागतो. रात्री खोलीतला दिवा मालवा, टॉर्च एका बाजूला धरा आणि दुसऱ्या बाजूनं कोपऱ्यातल्या जाळ्याकडे बघा. डोकं जरा इकडेतिकडे हलवलंत तर काही धाग्यांवर हिरवी, जांभळी झाकही दिसेल.

मग सोनं कुठून आलं? उगवत्या सूर्याकडून. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या खूप जाड थरातून येतो. वाटेत निळा भाग इकडेतिकडे विखरून जातो, उरतो तो पिवळा-तांबूस. तो धाग्यावर पडला की धागा सोन्याचा. सूर्य जरा वर चढला, उजेड पांढरा झाला की तोच धागा चांदीचा. गोष्टीत 'सोन्या-चांदीचे' असं दोन्ही म्हटलंय ना? कोणी तरी पहाटे झोपडीत बसून नीट बघितलेलं दिसतंय!

त्यातून हा देश युक्रेन. तिथे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य कीव्ह शहराच्या क्षितिजापासून १६ अंशांच्या आसपासच वर येतो. आपल्या मुंबईत त्याच दिवसांत तो ४७-४८ अंशांवर असतो. सूर्य इतका खाली असला की ऊन खिडकीतून शिरून खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचतं. म्हणजे ऊन असलं की कोपऱ्यातल्या झाडावर तिरीप पडणं ही तिकडची हिवाळ्यातली साधीच गोष्ट.

आता जरा गुप्तहेर होऊ. बाहेर बर्फ पडलेला असताना ही जाळी विणली कोणत्या कोळ्यानं? युरोपातल्या बागेत गोल, सुबक जाळं करणारा जो कोळी असतो, तो नव्हे. त्या जातीचे मोठे कोळी थंडी सुरू होईपर्यंत मरून जातात. मागे उरतात ती रेशमी पिशवीत गुंडाळलेली अंडी, वसंताची वाट बघत. म्हणजे आरोपी घरातलाच! घरातले कोळी उबेला राहतात आणि त्यांच्यातल्या काही माद्या वर्षानुवर्षं जगतात. त्यांचं जाळं मात्र पुस्तकातल्या चित्रासारखं चाकाच्या आकाराचं नसतं. ते असतं पसरट किंवा विस्कटलेलं. झाडावर टांगायला लोक बागेतल्या कोळ्याचं जाळं करतात, कारण ते दिसायला देखणं. एवढा अन्याय घरच्या कोळ्यावर झालेलाच आहे.

आणखी एक पुरावा. गोष्टीतलं जाळं रातोरात विणलेलं होतं. ते तसंच असायला हवं! जुन्या जाळ्यावर धूळ बसते, चुलीची काजळी बसते, आणि मग ते चमकत नाही. आपण ज्याला जळमट म्हणून ओरबाडून काढतो ते बहुतेक वेळा कोळ्यानं केव्हाच सोडून दिलेलं, धुळीनं माखलेलं घर असतं. ताजा धागा मात्र काचेसारखा स्वच्छ.

आणि ईयोबाच्या पुस्तकातलं ते म्हणणं? जाळं म्हणजे कच्चं काम? अख्खं जाळं हाताच्या एका फटकाऱ्यानं जातं, हे खरंच. पण त्यातला एकच धागा घेऊन, तेवढ्याच जाडीच्या पोलादी तारेशी त्याची झुंज लावली तर चांगला कोळी बरोबरीच्या आसपास येतो. वर त्याचं वजन पोलादाच्या सहाव्या हिश्श्याइतकंच! शिवाय तो ताणला जातो, आणि धडकलेल्या माशीचा जोर जिरवून टाकतो. मादागास्कर बेटावर सोनेरी धागा काढणारे मोठे कोळी आहेत. तिथे साधारण १२ लाख कोळ्यांचा धागा गोळा करून खांद्यावरून पांघरायचा एक झगा विणला होता. कोळ्यांना धागा काढून झाल्यावर परत जंगलात सोडून दिलं. २०१२ मध्ये तो झगा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडला होता. त्याला रंग दिलेला नाही. तो सोनेरी आहे तो मुळातच. त्या कोळ्यांचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीत आहेत. पावसाळ्यात आणि नंतर कोकणातल्या रानात, दोन झाडांच्या मध्ये तळहाताएवढी मादी जाळ्यात बसलेली दिसते. उन्हात तिचं जाळं खरोखर पिवळंधमक दिसतं.

झाडाला जाळं आलं, तसा क्रूसही आला. युरोपातल्या बागेतल्या त्या गोल जाळंवाल्या कोळ्याच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा चक्क क्रूस असतो. आता देवळातला क्रूस बघायची सवय असलेल्या माणसांना त्यात काय दिसणार? जर्मन लोक त्याला क्रूसवाला कोळीच म्हणतात. पण हा क्रूस कशाचा बनलाय ते ऐका. ग्वानिन नावाचा पदार्थ आहे. कोळ्याच्या शरीरातला तो टाकाऊ माल! बाहेर टाकण्याऐवजी कोळी त्यातला काही कातडीच्या आत साठवून ठेवतो. त्याचे स्फटिक प्रकाश परतवतात, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. हेच ग्वानिन तारलीच्या चंदेरी चमकीत असतं. आणि हेच ग्वानिन तुमच्या-माझ्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक आहे. कचऱ्याचा क्रूस! उतारशाळेत जागा न मिळालेल्या बाळाच्या सणाला हे शोभतं, असं मला आपलं वाटतं.

झाडावर सोडतात त्या चमचमत्या चंदेरी झिरमिळ्या तुम्ही बघितल्या असतील. या झिरमिळ्या म्हणजे त्या कोळ्यांच्या जाळ्याची आठवण, असं गोष्ट सांगणारे सांगतात. १७व्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गकडे त्या खऱ्या चांदीच्या करत. चांदीची तार ओढून ओढून बारीक करायची आणि मग चपटी ठोकायची. पैठणीतली खरी जर अशीच चपट्या तारेपासून होते. आजीची जुनी पैठणी काळवंडते ना, तशा त्या झिरमिळ्याही काळ्या पडत, कारण हवेतल्या गंधकाच्या वायूंशी चांदीचं जुळतं आणि तिच्यावर काळा थर चढतो. मेणबत्त्यांच्या धुरात तर आणखीच. मग पुढे लोकांनी शिशाच्या झिरमिळ्या काढल्या. काळ्या पडायच्या नाहीत, जड असल्यामुळे सरळ लोंबायच्या, सगळं छान. फक्त शिसं विषारी! १९७२ मध्ये अमेरिकेत त्या बंद झाल्या. आता मिळतात त्या प्लॅस्टिकच्या.

युक्रेन आणि पोलंडमध्ये आणखी एक 'कोळी' नाताळात छताला टांगतात. हा गवताचा. राय नावाच्या धान्याच्या पोकळ काड्या दोऱ्यात ओवून त्याचे त्रिकोण बांधायचे आणि ते एकमेकांना जोडत जायचे. १२ सारख्या काड्या घेतल्या की ८ त्रिकोणांचा, ६ कोपऱ्यांचा एक अष्टफलक तयार होतो. असे लहान-मोठे अष्टफलक एकाखाली एक लोंबतात. चौकोन का नाही? काड्यांचा चौकोन बांधून बघा, बोटानं ढकललात की वाकडा होऊन पडतो. त्रिकोण मात्र काडी मोडल्याशिवाय हलत नाही. म्हणून वजन जवळजवळ शून्य असलेली ही रचना वर्षभर आकार सोडत नाही. खोलीतली गरम हवा वर चढते, तेवढ्या झुळकीनं ती आपोआप फिरत राहते. गवत हे तिथल्या नाताळात असतंच. गव्हाणीची आठवण म्हणून जेवणाच्या मेजावर कापडाखाली वाळलेलं गवत पसरतात, आणि येशूच्या १२ शिष्यांसाठी १२ पदार्थ करतात. काड्याही १२ आणि पदार्थही १२! (ही जुळणी माझी हं. तिकडे कोणी असं म्हणतं म्हणून सांगत नाही.)

माणसाला असं जुळवायला आवडतंच. कृष्णकमळ घ्या. आपली आजी त्यात भोवतीचे शंभर कौरव आणि आतले पाच पांडव मोजून दाखवते. हे फूल मूळचं अमेरिकेतलं. तिथे गेलेल्या स्पॅनिश धर्मगुरूंनी त्याच भोवतीच्या तंतूंमध्ये येशूचा काट्यांचा मुकुट बघितला, पाच परागकोशांत पाच जखमा आणि वरच्या तीन टोकांत तीन खिळे. फुलाला यातलं काहीच माहीत नाही. ते आपलं भुंग्याला बोलावण्यात गुंतलेलं.

आता तुमच्यासाठी काम. आपल्या बागांत, शेताच्या बांधावर एक कोळी असतो, त्याला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. जाळ्याच्या मधोमध तो जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली काढतो आणि आठ पाय दोन-दोन जुळवून त्या फुलीवर बसतो. कोणाला ती सही वाटली. ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या भावंडाला मात्र संत अँड्र्यूच्या क्रूसाचं नाव मिळालंय. येशूच्या या शिष्याला फुलीच्या आकाराच्या क्रूसावर मारलं अशी परंपरा आहे, आणि कीव्हच्या टेकड्यांवर तो येऊन गेला असं युक्रेनमध्ये मानतात. फुली कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत. किडे भुलून येतात म्हणून, असं काही म्हणतात, तर पक्ष्यांनी जाळं मोडू नये म्हणून, असं दुसरे म्हणतात. प्रत्येक कोळी फुलीचे चारही हात काढतोच असं नाही. कोणी दोन काढतो, कोणी एकच, कोणी काहीच नाही. तेव्हा सुट्टीत अशी जितकी जाळी दिसतील तितक्यांचे हात मोजा, जागा आणि तारीख वहीत टिपा, आणि तक्ता करून आमच्याकडे पाठवा. जाळ्याला हात मात्र लावायचा नाही.